सही कोणाची?

१९५१ साली ‘नगीना’ नावाचा हिंदी चित्रपट लागला. कथा रहस्याची होती आणि सेन्सॉरने त्याला ‘फक्त प्रौढांसाठी’ असं प्रमाणपत्र दिलं होतं. नायिका नूतन समर्थ तेव्हा पंधरा वर्षांची. स्वतःचाच सिनेमा बघायला ती थिएटरवर गेली, तर दारावरच्या माणसाने वय कमी म्हणून तिला आत सोडलं नाही, असं सांगतात. पडद्यावर ती होती, पण तिला बघायचा हक्क फक्त मोठ्यांना होता. सिनेमाच्या गप्पांत हा किस्सा गमतीचा म्हणून येतो. मला त्यात गंमत कधी वाटली नाही.

त्याच सुमारास, सोळाव्या वर्षाच्या आगेमागे, अभिनेत्री शोभना समर्थांची ही थोरली लेक मसुरीच्या स्पर्धेत ‘मिस इंडिया’ झाली. १९५४ साली लीला नायडूने हा किताब मिळवला तेव्हा ती अवघी चौदा वर्षांची होती. चौदा म्हणजे आमच्याकडे आठवी-नववी. किशोरींची वेगळी स्पर्धा ही पुढची गोष्ट. सत्तरच्या दशकात ‘फेमिना’ने मिस इंडियाच्या जोडीला ‘टीन प्रिन्सेस’ निवडायला सुरुवात केली, अमेरिकेत १९८३ पासून ‘मिस टीन यूएसए’ भरू लागली, आणि आता भारतात या वयाच्या मुलींसाठी राष्ट्रीय म्हणवणाऱ्या एकापेक्षा जास्त स्पर्धा आहेत. २०१७ मध्ये नोएडाची सृष्टी कौर निकाराग्वात ‘मिस टीन युनिव्हर्स’ झाली. २०१९ मध्ये बडोद्याची आयुषी ढोलकिया ‘मिस टीन इंटरनॅशनल’ झाली. या दोन्ही बातम्या संतपूरच्या मुलींनी फोनवर बघितल्या आहेत. माझ्या पिढीला अशा बातम्या शिळ्या वर्तमानपत्रातून कळायच्या.

संतपूर म्हणजे बीदर जिल्ह्यातलं, औराद तालुक्यातलं गाव. औरादहून बीदरकडे जाताना लागतं. १ नोव्हेंबर १९५६ ला निजामाच्या जुन्या बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि औराद, भालकी म्हैसूर राज्यात आले. रोटीबेटीचा व्यवहार मात्र कुठल्याही आयोगाने तोडला नाही. इथल्या लेकी उदगीर, देगलूरकडे दिल्या जातात आणि तिकडच्या इकडे येतात. घरात मराठी, शाळेच्या फळ्यावर कन्नड, बाजारात दखनी उर्दू, तांड्यावर लमाणी. शिवारात तूर, सोयाबीन, उडीद, ज्वारी. जून २०२३ पासून कर्नाटकात बाईमाणसाला साध्या सरकारी बसचं भाडं द्यावं लागत नाही. आधार कार्ड दाखवून मुली औरादला नाहीतर थेट बीदरला कॉलेजला जातात. मुलींचा घराबाहेरचा वावर या भागात जेवढा आत्ता आहे तेवढा मी पूर्वी कधीच पाहिला नव्हता.

अशाच एका दहावीतल्या मुलीने मला फोनवर एक जाहिरात दाखवली. देशपातळीवरची किशोरींची सौंदर्यस्पर्धा, वय तेरा ते एकोणीस, उंचीची अट नाही, अनुभव नको, घरबसल्या फोटो पाठवा. तिने दोन फोटो पाठवले होते. एक शाळेच्या गॅदरिंगचा आणि एक तुरीच्या शेतात मैत्रिणीने काढलेला. दुसऱ्याच दिवशी तिची निवड झाल्याचा निरोप आला. पुढच्या फेरीसाठी नोंदणी फी भरायची होती. मी तिच्या जवळ बसले आणि अर्ज खालपर्यंत वाचला. नंतर अशाच आणखी काही स्पर्धांचे अर्ज शोधून वाचले.

त्यांची ठेवण सारखीच असते. निवडीचा निरोप लवकर येतो आणि त्याच्या पाठोपाठ पैशाची गोष्ट येते. नोंदणीनंतर ग्रूमिंगची फी, मग हॉटेलात राहण्याचा खर्च, मग गाऊन, मेकअप, फोटोशूट. ऑनलाइन मतांची फेरी असेल तर मतंही विकत घ्यावी लागतात. मुख्य मुकुट एकीला मिळतो, पण ‘उत्तम हास्य’, ‘उत्तम त्वचा’, ‘उत्तम चाल’ असे पोटकिताब इतके असतात की बहुतेक मुली काहीतरी घेऊनच घरी परततात आणि गावात त्यांचा फोटो फ्लेक्सवर लागतो. अर्जात बारीक अक्षरात दोन गोष्टी हमखास असतात. भरलेली फी परत मिळणार नाही, आणि स्पर्धेतले फोटो व चित्रफिती आयोजक कधीही, कुठेही वापरू शकतील. त्याखाली सहीची जागा असते. ती सही स्पर्धक मुलीची नसते, पालकांची असते. कारण स्पर्धक अठराच्या आतली आहे आणि तिची सही कायद्यापुढे टिकत नाही.

हा मुद्दा मी थोडा उलगडून सांगते, कारण सगळं इथेच अडतं. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ११ नुसार अज्ञान व्यक्ती करार करू शकत नाही. १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने ‘मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष’ या खटल्यात ते पक्कं केलं. कलकत्त्याच्या एका अज्ञान मुलाने घर गहाण ठेवून कर्ज काढलं होतं. तो करार मुळातच रद्दबातल आहे, असा निकाल लागला. मागचा विचार साधा होता. ज्याला व्यवहाराचे परिणाम पुरते कळायचे आहेत त्याच्या गळ्यात त्याच्या सहीने फास पडू नये. शंभरावर वर्षं हा नियम मुलांना जमीनजुमल्याच्या बाबतीत सांभाळतो आहे. पण स्वतःचा चेहरा, स्वतःचं अंग, स्विमसूट घालायचा की नाही, फोटो कुठवर जाणार, हे सगळं दुसऱ्याच्या सहीने देऊन टाकता येतं. फोटो तर गहाणासारखा सोडवूनही आणता येत नाही.

काम करणाऱ्या मुलांसाठी काही नियम आहेत. १९८६ चा बालकामगार कायदा २०१६ मध्ये बदलला आणि २०१७ मध्ये त्याचे नियम आले. चौदा वर्षांच्या आतल्या कलाकार मुलाकडून दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. कामासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्याची परवानगी लागते आणि मिळकतीचा किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावाने बँकेत ठेवावा लागतो. पण पंधरा-सोळाची स्पर्धक या चौकटीत बसत नाही. एक तर ती चौदाच्या पुढे गेलेली असते. दुसरं म्हणजे ती मिळकत करत नाही, उलट तीच पैसे भरते. दिवसभर उंच टाचांवर उभी राहिली, रात्री अकरापर्यंत तालीम केली, तिच्या चेहऱ्यावर प्रायोजकाच्या क्रीमची जाहिरात झाली, तरी कागदोपत्री ती हौसेने आलेली ग्राहक असते. मजुरीही नाही आणि मजुरीबरोबर येणारं संरक्षणही नाही.

फ्रान्सच्या सिनेटने २०१३ मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलींच्या सौंदर्यस्पर्धांवर बंदी घालण्याच्या बाजूने मत दिलं होतं. आपल्या संसदेत हा विषय कधी आला तर निदान ही पैसे भरणारी मुलगी कोणाच्या लक्षात यावी.

इथवर वाचून कोणी म्हणेल, बरं झालं, आमच्या घरात असलं काही चालत नाही. त्यांना मला आमच्या माजघरातल्या स्पर्धेबद्दल सांगायचं आहे.

पाव्हणे मुलगी बघायला येतात. बैठकीत सतरंजी अंथरली जाते. पाच-सात माणसं रांगेत बसतात, बाया आतल्या दारापाशी. मुलगी पोहे, नाहीतर चुरमुऱ्यांचा सुशीला घेऊन येते. डोक्यावर पदर, खाली नजर. नाव काय, किती शिकलीस, मामाचं गाव कुठलं, स्वयंपाक येतो का. मग कोणीतरी म्हणतं, जरा आत जाऊन ये गं. ते चाल बघण्यासाठी असतं. पाय अधू नाही ना, उंची कमी नाही ना, मोकळ्या उजेडात रंग कसा दिसतो, हे सगळं त्या पाच पावलांत मोजलं जातं. माझ्या लहानपणी सुईत दोरा ओवायला लावायचे, डोळे तपासायला. आता बायोडाट्यात ‘रंग : उजळ’ लिहितात आणि फोटो आधी फोनवर मागवतात. निकाल आठ दिवसांनी मध्यस्थाकरवी कळतो. ‘नंतर कळवतो’ म्हणजे नापास. खर्च मुलीच्या बापाचा, आणि जिंकली तर हुंड्याच्या नावाने आणखी मोठा.

एकेक मुलगी अशा किती रांगांपुढे चालते, हे मी जवळून पाहिलं आहे. सावळ्या मुलींच्या आयांनी दर महिन्याला क्रीमच्या ट्यूबा आणलेल्या पाहिल्या आहेत. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ मध्ये बाजारात आलं आणि २०२० मध्ये त्याचं नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झालं. मधल्या पंचेचाळीस वर्षांत सीमाभागातल्या किती घरांच्या किराणा यादीत ते होतं, ते दुकानदारांना विचारा. मुंबईच्या रॅम्पवरची मापं आमच्याकडे आधीपासूनच होती. टेप तेवढी नव्हती.

म्हणून त्या दहावीतल्या मुलीच्या डोळ्यांतली चमक मला समजते. घरच्या रांगेपुढे तिला उभं केलं जातं. इथे तिने आपल्या बोटाने अर्ज भरला होता. घरच्या बैठकीत नजर खाली ठेवायची असते, स्पर्धेत मान वर करायला शिकवतात. आतून हाक आली की जायचं, असं इथे नाही. इथे तुझं नाव माइकवर पुकारतात, गावाचं नाव पुकारतात. संतपूर हे नाव दिल्ली-जयपूरच्या हॉटेलात माइकवरून ऐकू यावं, असं पंधराव्या वर्षी कोणाला वाटणार नाही? मुकुटापेक्षा तिला त्या पुकाराचीच जास्त ओढ होती, असं तिच्याशी बोलून माझं मत झालं आहे. या मुलीला ‘वाईट वळणाची’ म्हणणाऱ्यांशी माझं जमणार नाही.

आमच्या राज्यात या वयावर सरकारचं लक्ष नाही, असंही नाही. कर्नाटकाने २०१६ मध्ये बालविवाह प्रतिबंध कायद्यात दुरुस्ती केली. त्यानुसार अठराच्या आतल्या मुलीचं लग्न इथे मुळातच शून्य ठरतं, म्हणजे कायद्याच्या लेखी ते झालेलंच नसतं. केंद्राच्या २००६ च्या मूळ कायद्यात असं सरसकट नाही. तिथे बहुतेक वेळा अल्पवयात लग्न झालेल्या व्यक्तीने कोर्टात जाऊन ते रद्द करून घ्यावं लागतं. त्यामुळे तेच वय, तेच मांडव, पण औरादकडे एक कायदा आणि पलीकडे उदगीरला दुसरा. सीमाप्रश्नाच्या सभांत हा फरक कोणी बोलून दाखवलेला मी ऐकला नाही, आणि लेकी तर रोज या हद्दीवरून येतात-जातात. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण देशात २३.३ टक्के आहे, आणि कर्नाटक व महाराष्ट्र दोघांचंही २१-२२ टक्क्यांच्या घरात. म्हणजे दर पाचांतली एक. माजघरातली स्पर्धा अजून भरते आहे, आणि तिच्यात तेराव्या-चौदाव्या वर्षीही प्रवेश मिळतो.

शिवाय भाग्यलक्ष्मी योजना आहे. २००६-०७ पासून कर्नाटकात दारिद्र्यरेषेखालच्या घरात जन्मलेल्या मुलीच्या नावाने सरकार बाँड ठेवत आलं. अठरा पूर्ण झाल्यावर रक्कम मिळते. तोवर तिचं लग्न झालेलं नसावं आणि ती शाळेत गेलेली असावी, या अटी. ज्या वयाच्या मुलींना या स्पर्धा बोलावतात, नेमक्या त्याच वयाच्या मुलींच्या घरी पेटीत हा कागद आहे. सरकारने अठराची वाट बघायचं ठरवलं. स्पर्धेच्या आयोजकांना का थांबता येऊ नये?

सौंदर्यस्पर्धांना विरोध म्हटला की आमच्या राज्याला १९९६ आठवतं. अमिताभ बच्चन यांच्या एबीसीएल कंपनीने त्या वर्षीची ‘मिस वर्ल्ड’ बेंगळूरुला आणली. जे. एच. पटेल मुख्यमंत्री होते. उजव्या संघटनांनी संस्कृतीच्या नावाने विरोध केला, डाव्या आणि स्त्री संघटनांनी बाजाराच्या विरोधात, आणि प्रा. नंजुंडस्वामींच्या रयत संघ या शेतकरी संघटनेने परदेशी कंपन्यांच्या विरोधात. एका महिला संघटनेने आत्मदहनाचा इशारा दिला. तिकडे मदुराईत एका तरुणाने खरोखरच स्वतःला पेटवून घेतलं आणि तो गेला. स्विमसूटची फेरी देशाबाहेर, सेशेल्समध्ये उरकावी लागली. २३ नोव्हेंबरला चिन्नास्वामी स्टेडियमवर कडक पोलीस बंदोबस्तात ग्रीसच्या इरेन स्क्लिव्हाला मुकुट मिळाला. नंतर एबीसीएल आर्थिक गर्तेत गेली, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. त्या गदारोळात मुलींना काय वाटतं हे विचारायला कोणाला सवड नव्हती. स्टेजवर त्यांना परीक्षक बघत होते आणि स्टेजबाहेर त्यांच्या अंगावरून पुरुष एकमेकांशी भांडत होते.

संस्कृतीचा दाखला देणाऱ्यांना मी बसवकल्याणला यायला सांगीन. आमच्याच जिल्ह्यातलं गाव. बाराव्या शतकात उडुतडीची तरुण अक्का महादेवी तिथे शरणांच्या, म्हणजे शिवभक्तांच्या, अनुभव मंटप या सभेत पोचली. कौशिक राजा तिच्या रूपावर भाळला होता. तिने तो राजवाडा सोडला, वस्त्रंही सोडली आणि केसांनी अंग झाकून ती चालत आली, अशी परंपरा आहे. सभेत अल्लमप्रभूंनी तिला कठोर प्रश्न विचारले. देहाचा मोह सुटला असेल तर मग केसांचा आडोसा कशाला, हेही विचारलं. तिने एकेका प्रश्नाला उत्तर दिलं. ती उत्तरं ऐकून सभेने तिला आपल्यात घेतलं, आणि ज्येष्ठ शरणही तिला अक्का, म्हणजे मोठी बहीण, म्हणू लागले. आमच्या मातीत तरुण बाईला सभेपुढे उभं राहून बोलण्याचा हा मान मिळाला आहे. तिचं उत्तर तिच्या रूपापेक्षा मोठं धरलं गेलं. शरणांचा वारसा सांगणाऱ्यांनी स्पर्धांची पोस्टरं फाडण्याआधी एवढं तरी आठवावं.

२०२५ च्या मे महिन्यात मिस वर्ल्ड पुन्हा आमच्या शेजारी आली. हैदराबादला, बीदरहून बसने काही तासांवर. यावेळी विरोध किरकोळ झाला. तेलंगण सरकार स्वतःच यजमान होतं. मुलुगू जिल्ह्यातल्या रामप्पा मंदिरात देशोदेशीच्या स्पर्धकांच्या पायांवर स्थानिक बायकांनी पाणी घातलं, तेव्हा मात्र लोक चिडले, आणि रास्त चिडले. इंग्लंडची मिला मॅगी स्पर्धा अर्ध्यावर सोडून घरी गेली. धनवान प्रायोजकांपुढे आपल्याला शोभेसारखं बसवलं गेलं, अशी तिची तक्रार होती. आयोजकांनी ती नाकारली. ३१ मे रोजी थायलंडची ओपल सुचाता जिंकली. मॅगी चोवीस वर्षांची होती. न पटल्यावर तिने सरळ विमान पकडलं आणि नंतर ते जाहीर बोलून दाखवलं. पंधरा वर्षांच्या मुलीला असं काही खटकलं तर ती कोणाला सांगणार? फी भरणारे वडील खाली प्रेक्षकांत बसलेले असतात, आणि त्यांनी त्या फीसाठी काय विकलं ते तिला माहीत असतं.

वयाचा फरक काय असतो, हे मराठी-कोकणी घरांतल्या दोघींकडे बघून कळतं. रीटा फारिया, गोव्याच्या आई-वडिलांची मुंबईत वाढलेली मुलगी, ग्रँट मेडिकल कॉलेजची विद्यार्थिनी. १९६६ साली लंडनमध्ये ती मिस वर्ल्ड झाली. हा किताब मिळवणारी ती पहिली भारतीय. स्पर्धेला निघाली तेव्हा साडी आणि स्विमसूट मैत्रिणींकडून मागून आणले होते. ती तेवीस वर्षांची होती. वर्षभराचा करार पाळला आणि मॉडेलिंग, सिनेमाचे सगळे दरवाजे स्वतः बंद करून वैद्यकीय शिक्षणाकडे परतली. पुढे डॉक्टर म्हणून डब्लिनला स्थायिक झाली. मुकुट घ्यायचा आणि नंतर बाजूला ठेवायचा, दोन्ही निर्णय तिचे.

दुसरी नागपूरची मधू सप्रे. मैदानावर वाढलेली खेळाडू. १९९२ मध्ये बँकॉकच्या मिस युनिव्हर्समध्ये ती शेवटच्या तिघींत पोचली होती. देशाची सत्ता हाती आली तर पहिलं काय करशील, असं तिला विचारलं गेलं. ती म्हणाली, मुलांना खेळायला चांगली जागा नाही, मी क्रीडासंकुल उभारीन. मुकुट नामिबियाच्या मिशेल मॅक्लीनला गेला आणि मधू तिसरी राहिली. गरिबी, भूक असं काही बोलली असती तर जिंकली असती, असं वर्षानुवर्षं म्हटलं गेलं. उत्तर चुकलं, हाच सगळ्यांचा सूर. मला ते उत्तर आजही अगदी बरोबर वाटतं. धावणारी मुलगी मैदानच मागणार. आमच्या तालुक्यातल्या किती हायस्कुलांत मुलींना मोकळेपणी पळता येईल असं मैदान आहे, ते एकदा हिंडून बघावं. मुली कबड्डीत तरबेज असतात. न्हाण आलं की घरातून बंद.

मोठ्या स्पर्धांतही कोवळं वय नवीन नाही. सुष्मिता सेन १९९४ मध्ये मनिलाला मिस युनिव्हर्स जिंकली तेव्हा अठराची होती. जानेवारी २००० मध्ये मिस इंडियात भाग घेतला तेव्हा प्रियांका चोप्रा सतराची होती, आणि तिचे फोटो घरच्यांनी परस्पर पाठवले होते. त्या दोघी पुढे मोठ्या झाल्या म्हणून ती वयं आपण कौतुकाने सांगतो. ज्या जिंकल्या नाहीत, त्यांना त्या वयात काय सोसावं लागलं, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही.

आणि अंगाबद्दल बोलायचंच तर आकडा हा घ्या. त्याच राष्ट्रीय पाहणीत पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. स्पर्धेचं ग्रूमिंग या वयाच्या मुलीला पोट आत घ्यायला आणि जेवण कमी करायला सांगतं. आमच्याकडे ज्या मुलीला मुळातच दुपारच्या भाकरीवर भाजी पुरत नाही, तिला! डिसेंबर २०२१ मध्ये कर्नाटक सरकारने बीदर, कलबुर्गी, यादगीर, रायचूर अशा कुपोषण जास्त असलेल्या जिल्ह्यांत शाळेच्या जेवणात अंडी द्यायला सुरुवात केली. काही मठाधिपतींनी विरोध केला. तेव्हा कोप्पळ जिल्ह्यातल्या गंगावतीच्या शाळकरी मुली कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या. आम्हाला अंडी हवीत, आमच्या खाण्यात तुम्ही पडू नका, अशा अर्थाचं त्या ठणकावून बोलल्या. चेहऱ्याला पावडर नाही, कोणी पढवलेलं नाही, अंगावर शाळेचा गणवेश. तो व्हिडिओ राज्यभर फिरला. योजना चालू राहिली आणि पुढे सगळ्या राज्यात गेली. किशोरींची प्रश्नोत्तराची फेरी मी पाहिली असेल तर ती ही.

त्या दहावीतल्या मुलीला मी हा व्हिडिओ दाखवला. तिने तो आधीच पाहिला होता.

मला काय हवं ते स्पष्ट सांगते. अठराच्या आतल्या मुलींची, रूपावर निवड करणारी, फी घेणारी स्पर्धा नसावी. टॅलेंट, व्यक्तिमत्त्व, आत्मविश्वास असे शब्द पुढे लावले तरी नसावी. पण स्टेज हवं. कर्नाटकच्या शाळांत ‘प्रतिभा कारंजी’ भरते. भाषण, छद्मवेश, रांगोळी, अभिनय, लोकनृत्य, कव्वाली. केंद्रापासून तालुका, जिल्हा, राज्य अशा पायऱ्या, आणि फी नाही. अनेक शाळांत ती दोन दिवसांत कशीबशी उरकतात आणि नावं मास्तरांच्या पसंतीने जातात. तीच नीट भरली, मराठी शाळेतल्या मुलींचीही नावं माइकवरून मोठ्याने पुकारली, बीदरच्या नेहरू स्टेडियमवर एक दिवस फक्त मुलींच्या धावण्याचा ठेवला, तर फोनवरच्या त्या जाहिरातीची ओढ बरीच कमी होईल. माजघरातल्या रांगेबद्दल तर घरोघरीच बोलावं लागेल, आणि ते बायकांनीच सुरू करावं लागेल, कारण आतल्या दारापाशी बसून रंग बघणाऱ्या आपणच असतो.

तोवर घरात असा अर्ज आलाच, तर पालकांनी सहीआधी काही गोष्टी लेखी मागाव्यात. एकूण खर्च किती आणि कशाकशाचा. फोटो किती वर्षं, कोणत्या जाहिरातीत वापरणार. मुक्कामाला आई सोबत राहणार की नाही. कपडे कोण ठरवणार, आणि मुलगी नको म्हणाली तर काय. मध्येच घरी यावंसं वाटलं तर परतीची सोय कोणाची. हे प्रश्न मी त्या मुलीच्या आईला कागदावर लिहून दिले. तिने फोन करून एकेक विचारला. पलीकडून उत्तर आलं की आज रात्रीपर्यंत फी भरा, नाहीतर जागा दुसरीला जाईल. फी भरली नाही. मुलगी दोन दिवस आईशी बोलली नाही. मग परीक्षा आली.

अडीच वर्षांनी ती अठराची होईल. भाग्यलक्ष्मीचा बाँड सुटेल आणि बँकेत सही तिची लागेल. त्या पैशातून तिने नर्सिंगला नाव घातलं तर छानच. पण तेव्हाही तिला स्पर्धेला जायचं असेल, अर्ज तिने स्वतः वाचला असेल आणि खाली तिची सही असेल, तर मी तिला अडवणार नाही. तिच्या वडिलांनी अडवलं, तर मी त्यांच्याशी बोलायला जाईन.